वजनकाट्यावरील गेटवेच्या कर्नलची दुरुस्ती : प्रकल्प नोंदी, मार्च-एप्रिल २०२२

७ मार्च २०२२, सोमवार

लिनक्सच्या कर्नलमधील, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यातील, सीव्हीई-२०२२-०८४७ या दोषाची माहिती आज जाहीर झाली (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषाला मिळणारा सार्वजनिक क्रमांक). शोधकर्त्याने त्याला ‘डर्टी पाइप’ असे नाव दिले आहे. संध्याकाळी ते निवेदन दोनदा वाचले आणि उद्यापासूनची इतर कामे बाजूला ठेवण्याचे ठरवले. वाचण्याची परवानगी असलेल्या कोणत्याही फाइलमध्ये लिहिण्याची परवानगी नसतानाही मजकूर बदलता येतो, असा हा दोष आहे. त्यासाठी विशेष अधिकार लागत नाहीत, वेळेची शर्यत जिंकावी लागत नाही आणि कर्नल कोसळतही नाही.

जर्मनीतील माक्स केलरमान यांना हा दोष सापडला, तो सुरक्षेच्या शोधात नव्हे, तर ग्राहकाच्या तक्रारीचा पाठपुरावा करताना. एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्याकडे वेब सर्व्हरची एक नोंदफाइल उलगडत नसल्याची तक्रार आली. नंतरच्या महिन्यांत तशाच आणखी तक्रारी येत राहिल्या. प्रत्येक बिघडलेल्या फाइलमधील शेवटचे आठ बाइट बदललेले होते आणि त्या जागी झिप फाइलच्या शीर्षकातील ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरे दिसत होती. झिप तयार करणाऱ्या प्रक्रियेला त्या फाइलमध्ये लिहिण्याची परवानगीच नव्हती, तरीही तिचा मजकूर तिथे पोहोचला होता. ‘हे कर्नलच करत असणार’ या निष्कर्षावर येण्यापूर्वी माणसाने आपला स्वतःचा कोड किती वेळा तपासला असेल, याची कल्पना मला आहे.

या प्रकल्पापुरती परिस्थिती लिहून ठेवतो. आमचे गेटवे साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर बसवलेले आहेत. भरलेल्या उसाच्या गाडीचे आणि नंतर रिकाम्या गाडीचे वजन लोडसेलकडून (काट्यातील वजन-संवेदकाकडून) घेणे, त्याची नोंद फाइलमध्ये करणे आणि ती सर्व्हरकडे पाठवणे, हे त्यांचे काम. यंत्रात चार कॉर्टेक्स-ए५३ गाभ्यांचा प्रोसेसर आहे आणि कर्नल ५.१०.६६ आहे, ज्यावर चिप पुरवठादाराने स्वतःचे बरेच बदल चढवलेले आहेत. दोष ५.८ पासूनच्या आवृत्त्यांत आहे आणि दुरुस्ती ५.१६.११, ५.१५.२५ व ५.१०.१०२ मध्ये आलेली आहे. आम्ही त्या कक्षेत सरळ बसतो.

वजन लिहिणारी प्रक्रिया एका वापरकर्त्याच्या नावाने चालते, तर फलकावर वजन दाखवणारी आणि पावती छापणारी प्रक्रिया दुसऱ्या, फक्त वाचण्याचा अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने. काटामारीचा संशय हा ऊस उत्पादकांच्या मनातला जुना सल आहे. म्हणून या यंत्राची रचना करताना ‘वाचणारा कधीही लिहू शकणार नाही’ हे तत्त्व आम्ही सर्वांत आधी मांडले होते. आज ते तत्त्व आमच्या कर्नलमध्ये खरे राहिलेले नाही.

८ मार्च, मंगळवार

सकाळी टेबलावरच्या बोर्डवर दोष प्रत्यक्ष घडवून पाहिला. दुसऱ्याचा तयार कोड न चालवता निवेदनातील वर्णनावरून चाचणी स्वतः लिहिली. आपण नेमके काय दुरुस्त करणार आहोत, हे त्याशिवाय हाताला लागत नाही.

पाइप म्हणजे एका प्रक्रियेकडून दुसरीकडे मजकूर नेणारी, कर्नलमधील १६ खणांची एक रिंग. प्रत्येक खण एका ४०९६ बाइटांच्या पानाकडे बोट दाखवतो आणि त्याच्यासोबत काही फ्लॅग (खुणा) असतात. त्यांतील एका फ्लॅगचा अर्थ ‘या पानात जागा उरली असेल, तर पुढचे लेखन इथेच जोडावे’ असा आहे. पाइपमध्ये साधे लेखन केले की हा फ्लॅग लागतो आणि ते योग्यच आहे, कारण ते पान पाइपचे स्वतःचे असते. स्प्लाइस या सिस्टिम कॉलने (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीने) फाइलमधील मजकूर पाइपमध्ये घातला, तर मात्र कर्नल नक्कल करत नाही. पेज कॅशमधील, म्हणजे वाचलेल्या फाइलींची पाने मेमरीत ठेवण्याच्या जागेतील, फाइलचे मूळ पानच खणाला जोडते. अशा खणावर तो फ्लॅग असता कामा नये. खण पुन्हा वापरताना फ्लॅग शून्य करायचे राहून गेले होते. त्यामुळे पाइप एकदा पूर्ण भरून रिकामा केला, मग लक्ष्य फाइलमधील एक बाइट स्प्लाइसने आत घेतला आणि त्यानंतर पाइपमध्ये लिहिले, की तो मजकूर थेट फाइलच्या पानात जाऊन बसतो.

चाचणीसाठी खोट्या नोंदींची फाइल तयार केली. आमची प्रत्येक नोंद बरोबर १२८ बाइटांची असते, म्हणजे एका पानात ३२ नोंदी मावतात. त्यातल्या एका नोंदीत भरगाडीचे वजन २१,४६० किलो होते. केवळ वाचनाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चाचणी चालवली आणि फाइल पुन्हा उघडली, तेव्हा तिथे १९,४६० दिसले. दोन अंक बदलले होते. फाइलचा आकार तोच, बदलाची वेळ तीच आणि लॉगमध्ये एक अक्षरही नाही. मी आणि शेजारी उभे असलेले चाचणी विभागातील सहकारी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो.

यानंतरचा भाग निवेदनात ओझरता आहे, पण आमच्यासाठी तोच महत्त्वाचा होता. अशा लेखनानंतर कर्नल ते पान ‘बदललेले’ म्हणून नोंदवत नाही, त्यामुळे बदल फक्त मेमरीत राहतो. पेज कॅश रिकामी केल्यावर २१,४६० परत आले, तेव्हा एका सहकाऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. परंतु आमच्या फाइलला दर गाडीमागे नवी नोंद जोडली जाते. म्हणून दुसऱ्या चाचणीत फाइलच्या शेवटच्या पानातील नोंद बदलली आणि लगेच नेहमीच्या प्रक्रियेकडून पुढची खरी नोंद जोडून घेतली. त्या खऱ्या लेखनाने पान रीतसर ‘बदललेले’ ठरले, संपूर्ण पान साठवणुकीत उतरले आणि खोटा आकडा त्याच्यासोबत कायमचा झाला. रीबूट केल्यावरही १९,४६० च. म्हणजे ताज्या पानातील नोंदी, जास्तीत जास्त ३१, कायमच्या बदलता येत होत्या. आणि वादाची गाडी बहुधा नुकतीच काट्यावरून उतरलेली असते.

मूळ प्रणालीची फाइलप्रणाली केवळ वाचनासाठी जोडलेली असून डीएम-व्हेरिटीने तपासली जाते, म्हणून निदान तिला धोका नसावा, असे मत दुपारच्या बैठकीत मांडले गेले. तेही तपासले. डीएम-व्हेरिटी साठवणुकीतून ब्लॉक वाचताना पडताळणी करते. एकदा पेज कॅशमध्ये आलेल्या पानाकडे ती पुन्हा पाहत नाही. त्यामुळे केवळ-वाचन फाइलप्रणालीतील प्रोग्रामचे बाइटही मेमरीत बदलले गेले. असा बदललेला प्रोग्राम रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालणार असेल, तर पूर्ण यंत्र हातातून गेले असे समजावे. तातडीची पातळी सर्वोच्च केली.

आजच अॅमस्टरडॅमच्या व्रिजे विद्यापीठातील संशोधकांनी ‘ब्रँच हिस्टरी इंजेक्शन’ हा स्पेक्टर प्रकारातील (प्रोसेसरच्या अंदाज-यंत्रणेतून माहिती गळणारा) दोष जाहीर केला. प्रोसेसरची रचना करणाऱ्या आर्म कंपनीच्या यादीनुसार कॉर्टेक्स-ए५३ त्यात येत नाही. नोंद ठेवून पुढे गेलो.

९ मार्च, बुधवार

दिवसभर इतिहास वाचला. दोष एका बदलातून निर्माण झालेला नाही, हे समजणे आम्हाला पुढे उपयोगी पडणार आहे.

खणाचे फ्लॅग शून्य न करण्याची चूक ४.९ आवृत्तीतली, म्हणजे २०१६ मधली. त्या वेळी पाइपसाठी नवी रचना आली आणि ‘लिब’ विभागातील आयओव्ही-आयटर फाइलीत दोन फंक्शन लिहिली गेली : ‘कॉपी_पेज_टू_आयटर_पाइप’ आणि ‘पुश_पाइप’. दोन्हींनी नवा खण घेताना पान, सुरुवात, लांबी अशी माहिती भरली. फ्लॅग तेवढे राहिले. त्या काळी फ्लॅगमध्ये घातक असे काही नव्हते. जोडून लिहायचे की नाही, हे खणाच्या ऑपरेशन्सच्या तक्त्यावरून ठरत असे आणि तो तक्ता दर वेळी नव्याने भरला जाई. २०२० मध्ये ५.८ साठी नीटनेटकेपणाचा एक बदल झाला. सारखेच दिसणारे अनेक तक्ते एकत्र करून हा निर्णय एका फ्लॅगवर सोपवण्यात आला. तो बदल स्वतंत्रपणे पाहिला तर निर्दोष आहे. मी तो ओळ न ओळ वाचला आणि प्रामाणिकपणे लिहितो की परीक्षणाला माझ्याकडे आला असता, तर मीही संमती दिली असती. चार वर्षे निरुपद्रवी पडून राहिलेली चूक त्या दिवशी जिवंत झाली.

यावरून आमच्या जुन्या उत्पादनाचा प्रश्नही सुटला. त्यात ४.१९ आहे, तिथे चूक आहे, पण तिचा गैरवापर करण्याची वाट नाही. दुरुस्ती तिथेही घालणार आहोत, कारण उद्या कोणी ५.८ मधील तो नीटनेटका बदल मागे आणला, तर पुन्हा हेच घडेल.

आमच्या नेहमीच्या साधनांना हे का दिसले नसते, याचाही विचार केला. कासान हे कर्नलची मेमरी तपासणारे साधन मर्यादेबाहेरचे आणि मुक्त केलेल्या मेमरीतील वाचन-लेखन पकडते; इथे प्रत्येक लेखन वैध मेमरीत, वैध मर्यादेत होते. प्रारंभ न केलेली मेमरी शोधणारे साधन वापरले असते, तरी त्या फ्लॅगमध्ये आधीच्या वापरातील रीतसर लिहिलेले मूल्यच असल्यामुळे तेही गप्प राहिले असते. यादृच्छिक सिस्टिम कॉल मारून कर्नल कोसळते का, हे पाहणाऱ्या चाचण्यांना कोसळणे लागते. त्यामुळे या प्रकारासाठी ‘वाचनाधिकाराने उघडलेल्या फाइलचा मजकूर बदलता कामा नये’ अशी अर्थाची चाचणी आपली आपणच लिहावी लागते. कालची चाचणी फेकून न देता ती रोज रात्री चालणाऱ्या संचात घालायचे ठरवले.

१० मार्च, गुरुवार

दुरुस्ती दोन ओळींची आहे : वर सांगितलेल्या दोन्ही फंक्शनांत खणाचे फ्लॅग शून्य करणे. मूळ शाखेतील पॅच (दुरुस्तीचा कोड-बदल) आमच्या ५.१०.६६ वर कोणत्याही अडथळ्याविना बसला. बिल्ड, बोर्ड, चाचणी : २१,४६० जागचे हलले नाही. पावणेअकरा वाजले होते आणि काम संपले, असे खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होते.

तरीही मी एक तपासणी मागितली. या चुकीचे स्वरूप ‘अमुक फंक्शनमध्ये अमुक ओळ नाही’ इतकेच नाही. ‘पाइपचा खण भरणारा प्रत्येक जण सर्व घटक भरतो का’ असा तो प्रश्न आहे. म्हणून आमच्या कर्नलच्या संपूर्ण कोडमध्ये पाइपच्या रिंगमधील खणात थेट लिहिणाऱ्या सर्व जागा शोधल्या. मूळ कर्नलमधील जागा मोजक्याच आहेत. स्प्लाइसच्या फाइलीतील ‘स्प्लाइस_टू_पाइप’ फ्लॅग शून्य करते. एका पाइपमधून दुसऱ्या पाइपमध्ये खण नेणारी फंक्शन जोडून-लिहिण्याचा फ्लॅग मुद्दाम काढतात. सूचना पोहोचवणारी वॉच-क्यू यंत्रणा स्वतःचा वेगळा फ्लॅग थेट नेमून देते. या सर्व एकेक करून वाचल्या आणि समोर खूण केली.

मग चिप पुरवठादाराच्या ड्रायव्हरमध्ये एक अनोळखी जागा सापडली. लोडसेलचे नमुने ज्या अॅनालॉग-डिजिटल परिवर्तकाकडून येतात, त्याचा हा ड्रायव्हर. नमुने डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिण्याच्या पद्धतीने) एका सामायिक रिंगमध्ये उतरतात आणि नक्कल टाळण्यासाठी पुरवठादाराने स्वतःचे स्प्लाइस-वाचन लिहिले आहे. त्यातील खण भरणाऱ्या बारा-तेरा ओळी ‘पुश_पाइप’वरून उतरवलेल्या आहेत हे चलांच्या नावांवरून सहज कळते, आणि मूळ चूकही जशीच्या तशी सोबत आली आहे. केलरमान यांचा पॅच या ओळींना स्पर्शही करत नाही, कारण त्या मूळ कर्नलमध्ये नाहीतच.

इथे जोडले जाणारे पान पेज कॅशचे नाही, डीएमएचे आहे. म्हणून धोका कमी असेल का, याचा बारकाईने विचार केला. पान पूर्ण भरलेले असेल, तर जोडायला जागा नसल्याने काहीच घडत नाही. परंतु वाचणाऱ्याने ५०० बाइटच मागितले, तर खणाची लांबी ५०० ठरते आणि त्यापुढचे लेखन त्याच पानात, ५०० व्या बाइटानंतर जाऊन बसते. ते पुढचे बाइट म्हणजे वजन काढणारी प्रक्रिया अजून वाचायची असलेले नमुने. फलकाच्या प्रक्रियेला आलेख दाखवण्यासाठी या साधनावर वाचनाधिकार दिलेला आहे. संध्याकाळी चाचणी लिहून पाहिली. काट्याच्या पट्टीवर २० किलोचे प्रमाणित वजन ठेवलेले होते आणि काढलेली सरासरी सतरा-अठरा किलोच्या आसपास घुटमळू लागली. नोंदवहीत खोटे लिहिण्याची गरजच उरली नव्हती; वजनच खोटे तयार होत होते.

सकाळी मूळ पॅच लावून आम्ही पुढे गेलो असतो, तर ही जागा तशीच राहिली असती आणि आमच्या कागदोपत्री सीव्हीई-२०२२-०८४७ समोर ‘दुरुस्त’ असे लिहिलेले असते.

११ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हरच्या दुरुस्तीचे दोन मार्ग होते. तिसऱ्या जागीही फ्लॅग शून्य करणारी एक ओळ घालायची, किंवा ड्रायव्हरने खणाला हात न लावता कर्नलचे तयार ‘स्प्लाइस_टू_पाइप’ वापरायचे. पहिला मार्ग पाच मिनिटांचा होता. मी दुसरा निवडला, कारण खणाच्या रचनेत उद्या नवा घटक आला, तर उसनवारीच्या ओळी पुन्हा मागे पडतील. सहकाऱ्यांचा आक्षेप असा होता की तातडीच्या दुरुस्तीत कमीत कमी कोड बदलावा. आक्षेप रास्त आहे. तडजोड म्हणून आजच्या तातडीच्या बिल्डमध्ये एक ओळ घातली आणि पुनर्लेखन वेगळ्या शाखेत सुरू केले.

पुनर्लेखनाचा पहिला मसुदा माझाच आणि तो चुकलेला होता. पाइपमध्ये जागा नसल्याने जी पाने आत जाऊ शकत नाहीत, ती परत करण्यासाठी ‘स्प्लाइस_टू_पाइप’ त्याला बोलावणाऱ्या कोडकडून एक मुक्तता-फंक्शन मागते. मी तिथे रिकामे फंक्शन दिले होते. परिणामी पाइप भरलेला असताना प्रत्येक वाचनामागे काही पानांवरील संदर्भ (पान वापरात असल्याची मोजणी) वाढून राहत होता आणि दोन तासांनी ड्रायव्हर उतरवताना रिंगची पाने सुटेनात. सुरक्षेचा एक दोष काढताना मेमरी गळतीचा दुसरा दोष मी घातला होता. तो सापडला तो केवळ चाचणी विभागाने ड्रायव्हर चढवण्या-उतरवण्याची चाचणी आग्रहाने चालवली म्हणून. दुरुस्त केले आणि भरलेल्या पाइपची स्थिती चाचणीत कायमची समाविष्ट केली.

पुरवठादाराला दोषाचा अहवाल, चाचणी आणि दोन्ही पॅच पाठवले. हाच ड्रायव्हर इतर उत्पादकांच्या यंत्रांतही जात असणार, म्हणून त्यांचे उत्तर येईपर्यंत ड्रायव्हरचे नाव या नोंदींत लिहीत नाही.

१२ मार्च, शनिवार

जुन्या नोंदी तपासल्या. गेटवे प्रत्येक वजन होताच ते सर्व्हरला पाठवतो, त्यामुळे सर्व्हरवरील प्रत आणि यंत्रावरील फाइल यांची तुलना शक्य होती. हंगाम सुरू झाल्यापासूनच्या सर्व यंत्रांच्या फाइली ओढून घेतल्या आणि नोंद न नोंद जुळवली. एकही फरक आढळला नाही. डीएमए रिंगमधील हस्तक्षेपाचा माग मात्र या पद्धतीने लागत नाही, कारण तिथे नोंद होण्याआधीच आकडा बदलतो. ही मर्यादा अहवालात ठळकपणे लिहिली आहे.

१४ मार्च, सोमवार

आजच्या बैठकीचा विषय एकच होता : हे आम्हाला ७ मार्चला का कळले?

घटनाक्रम सार्वजनिक आहे. केलरमान यांनी २० फेब्रुवारीला कर्नलच्या सुरक्षा गटाला दोष, त्याचा पुरावा आणि पॅच पाठवला. २१ तारखेला पॅच सार्वजनिक यादीवर गेला, पण धोक्याचा उल्लेख न करता. २३ तारखेला तो स्टेबल, म्हणजे मुख्यतः दुरुस्त्यांसाठी निघणाऱ्या, आवृत्त्यांत बाहेर पडला. बदलाच्या वर्णनात एवढेच म्हटले आहे की ही दोन फंक्शन नवा खण घेतात आणि त्यातील फ्लॅगना प्रारंभमूल्य देत नाहीत. सुरक्षा हा शब्द नाही, सीव्हीई क्रमांक नाही. जो संघ दर आठवड्याला स्टेबल मालिका जशीच्या तशी घेत होता, त्याची यंत्रे ७ मार्चच्या आधीच सुरक्षित होती, त्याला त्यामागचे कारण माहीत नसतानाही.

आमची पद्धत वेगळी होती. सीव्हीई क्रमांक लागलेले पॅच निवडून तेवढेच ५.१०.६६ वर चढवायचे, म्हणजे बदल कमी आणि चाचणीही कमी. ही पद्धत मीच दोन वर्षांपूर्वी लिहून काढली होती आणि तिचे समर्थनही केले होते. ती चुकीची आहे, असे आज मी बैठकीत सांगितले. कर्नलमध्ये दोष दुरुस्त करणाऱ्यालाही तो सुरक्षेचा आहे की नाही, हे बरेचदा त्या क्षणी ठाऊक नसते; आणि ठाऊक असले, तरी यंत्रे अद्ययावत होईपर्यंत ते वर्णनात लिहिले जात नाही. जो क्रमांकाची वाट पाहतो, त्याला दोषाची माहिती हल्लेखोरासोबतच मिळते. ५.१०.६६ आणि ५.१०.१०२ यांच्या दरम्यान काही हजार बदल आहेत. त्यांतील किती आमच्यासाठी महत्त्वाचे होते, हे वर्णने वाचून ओळखण्याचा दावा मी यापुढे करणार नाही.

निर्णय : तातडीचे बिल्ड याच आठवड्यात अंतर्गत चाचणीत जाईल. त्यासोबत ५.१०.१०२ पर्यंतचे संपूर्ण विलीनीकरण सुरू होईल आणि त्यानंतर स्टेबल मालिकेमागे दोन आठवड्यांपेक्षा अधिक अंतर ठेवायचे नाही.

१७ मार्च, गुरुवार

विलीनीकरण ५.१०.९३ पर्यंत आले. कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळींवरील एकमेकांशी न जुळणारे बदल) बहुतेक पुरवठादाराने बदललेल्या घड्याळ, नेटवर्क आणि एमएमसी (साठवणूक) ड्रायव्हरांत आहेत.

९३ मध्ये सीव्हीई-२०२२-०१८५ ची दुरुस्ती आहे. जानेवारीत आम्ही ती ‘लागू नाही’ म्हणून सोडली होती, कारण तिचा गैरवापर करण्यासाठी सामान्य वापरकर्त्याला यूजर नेमस्पेस (वापरकर्त्याला स्वतःपुरते वेगळे अधिकार देणारी कर्नलची सोय) लागतात आणि आमच्या कर्नलमध्ये त्या बंद आहेत. आज ती दुरुस्ती वाचून मला बरे वाटले, म्हणून इथे लिहितो. फाइलप्रणाली जोडताना दिलेले पर्याय एका पानात साठवताना ‘नव्या पर्यायाची लांबी, पानाचा आकार उणे दोन उणे आधीची लांबी, यापेक्षा मोठी आहे का’ अशी तपासणी होती. सर्व संख्या बिनचिन्हाच्या. आधीची लांबी ४०९५ झाली की ४०९६ मधून दोन आणि ४०९५ वजा करताना उत्तर उणे एक यायला हवे, पण बिनचिन्हाच्या संख्येत ते अतिप्रचंड होते आणि कोणतीही लांबी त्यापेक्षा लहानच ठरते. दुरुस्तीने वजाबाकी काढून बेरीज ठेवली : आधीची लांबी, नवी लांबी आणि दोन यांची बेरीज पानापेक्षा मोठी आहे का? गणित तेच, पण आता शून्याखाली जायला वाव नाही. पुरवठादाराच्या कोडमध्ये मर्यादेच्या तपासणीत वजाबाकी कुठे कुठे आहे, याचा शोध पुढच्या कामांच्या यादीत टाकला.

उद्या धूलिवंदनाची सुट्टी आहे. सहा बोर्डांवर सोमवारपर्यंत सलग चाचणी लावून निघालो.

२३ मार्च, बुधवार

५.१०.१०२ वर पोहोचलो, पण सहापैकी दोन बोर्डांवर सुरू झाल्यानंतर नेटवर्क चाळीसेक सेकंद उशिरा येते. ज्यांना पूर्ण विलीनीकरण धोक्याचे वाटत होते, त्यांची शंका खरी ठरली, हे मान्य केले पाहिजे. गिट बायसेक्टने, म्हणजे बदलांचा पल्ला दर वेळी निम्मा करत शोधल्याने, बारा पायऱ्यांत कारण सापडले. मूळ शाखेने घड्याळ सुरू करण्याचा क्रम सुधारला होता आणि पुरवठादाराच्या नेटवर्क ड्रायव्हरने जुन्या, चुकीच्या क्रमाला जुळेल असा उशीर स्वतःकडे घालून ठेवला होता. तो उशीर काढून टाकला आणि सहाही बोर्ड वेळेवर जोडले गेले. यात दीड दिवस गेला. दर दोन आठवड्यांनी विलीनीकरण केले असते, तर शोधायचा पल्ला काही हजारांऐवजी शे-दोनशे बदलांचा असता.

पुरवठादाराचे उत्तर आले. दोष मान्य आहे आणि पुनर्लेखनाचा पॅच ते स्वीकारत आहेत.

२९ मार्च, मंगळवार

पहिल्या कारखान्यावर प्रत्यक्ष बदल केला. यंदा ऊस खूप असल्याने हंगाम लांबणार आहे. गाळप थांबण्याची वाट पाहणे शक्य नव्हते. यंत्रात प्रणालीसाठी दोन विभाग आहेत. नवे कर्नल रिकाम्या विभागात आधीच उतरवून ठेवले होते, त्यामुळे काट्यावर फक्त रीबूटपुरता खंड पडणार होता.

पहाटे साडेचारला पोहोचलो. काट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली होती आणि काही चालक स्टिअरिंगवर डोके टेकून झोपले होते. काट्यावरच्या लिपिकांना आम्ही काय करणार आहोत, हे आधीच फोनवर सांगितले होते. तरीही त्यांनी विचारले, ‘साहेब, वजनात फरक पडणार नाही ना?’ मी त्यांना रीबूटच्या आधी आणि नंतर तेच प्रमाणित वजन ठेवून दोन्ही पावत्या मिळवून पाहायला सांगितले. त्यांनी तसे केले आणि दोन्ही पावत्यांवर सह्या करून त्या फाइलला लावल्या. भरगाडीचा काटा ५२ सेकंद बंद होता आणि रिकाम्या गाडीचा ४९ सेकंद. त्यानंतर रांग पुढे सरकू लागली.

निघण्यापूर्वी त्या यंत्रावर दोन्ही चाचण्या चालवल्या : नोंदफाइलीच्या चाचणी-प्रतीवरील आणि डीएमए रिंगवरील. दोन्हींत वाचणाऱ्याला काहीही बदलता आले नाही.

४ एप्रिल, सोमवार

पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत नेटवर्कवर असलेल्या सर्व गेटवेंवर ५.१०.१०२ वर आधारित कर्नल पोहोचले आणि प्रत्येकावरील दोन्ही चाचण्यांचे निकाल सर्व्हरवर जमा झाले. एका ठिकाणी यंत्र जुन्या विभागावर परत गेले होते. कारण साठवणुकीतील खराब ब्लॉक होता, ते यंत्र बदलले.

तीन यंत्रे अशा ठिकाणी आहेत की तिथे नेटवर्क दिवसातून काही वेळच येते आणि पूर्ण प्रतिमा (नव्या प्रणालीची संपूर्ण प्रत) उतरत नाही. तोपर्यंत तिथे फलकाच्या प्रक्रियेचा नोंदफाइलीवरील आणि परिवर्तकावरील वाचनाधिकार काढून घेतला आहे. त्यामुळे त्या काट्यांवरील फलकावर आलेख दिसत नाही. वजनाचा आकडा आणि छापील पावती नेहमीप्रमाणे मिळते. गुरुवारी सकाळी एक सहकारी प्रतिमा मेमरी कार्डवर घेऊन तिन्ही ठिकाणी जात आहेत.

वजाबाकीने केलेल्या मर्यादा-तपासण्यांचा शोध आज सुरू केला. पुरवठादाराच्या कोडमध्ये अशा १९ जागा आहेत. त्यांतील पाच वाचून झाल्या. चार निर्दोष आहेत आणि सीरियल पोर्टच्या ड्रायव्हरमधील पाचवीसाठी चाचणी लिहीत आहे.